गाठ नसलेले दृश्य

पुळक्करा गावच्या विणकर सोसायटीत कापड तपासण्याचे जे टेबल होते, त्याला वरून काच आणि खालून दिवा होता. काचेवरून कापड सरकत जाई आणि खालच्या उजेडात त्याचा धागा न् धागा उघडा पडे. एकतीस वर्षे अंबूएट्टन त्या टेबलाशी उभे राहत आले होते. उभा धागा कुठे विरळ झाला, आडवा धागा कुठे तुटून पुन्हा सांधला, हे त्यांच्या डोळ्यांना आधी कळे आणि बोट तिथे जाऊन थांबे. वीज गेली तरी ते बोट नेमके दोषावरच थांबते, अशी विणकरांत वदंता होती. ती खोडून काढण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. वयाने धाकटे ते सगळे त्यांना ‘एट्टन’, म्हणजे दादा, म्हणत. अलीकडे वयाने थोरलेही म्हणू लागले होते.

रविवारी संध्याकाळी हेच डोळे ते चित्रपटाला देत. गावाच्या फिल्म सोसायटीला बावीस वर्षे झाली होती आणि या बावीस वर्षांत वाचनालयाच्या सभागृहात दाखवलेल्या प्रत्येक चित्रपटावरचे मत अंबूएट्टनांनी लिहिले होते. अलीकडची तीन मते वाचनालयाच्या फळ्यावर अजून टाचलेली होती. बंगाली चित्रपटाविषयी त्यांनी लिहिले होते : ‘विधवेच्या खोलीतला दिवा तीन रात्री जळतो आणि त्यात तेल घालताना कुणी दिसत नाही. दिग्दर्शकाला दुःख ठाऊक आहे, घर ठाऊक नाही.’ जपानी चित्रपटाविषयी : ‘तीन माणसे अकरा मिनिटे जेवतात. चौथे ताट नाही. मृत्यूविषयी अवाक्षर न काढता एवढे सांगता येते, हे आपल्याकडच्या रडव्या मंडळींनी पाहावे आणि आठवडाभर गप्प राहावे.’ जवळच्या टॉकीजमध्ये पन्नास दिवस चाललेल्या एका चित्रपटाला तर त्यांनी दोनच वाक्ये दिली होती : ‘नायक मुंडू नेसून नदी पोहून येतो. मुंडूची इस्त्री मोडत नाही.’ त्यावर टॉकीजच्या मालकाने निरोप धाडला की, मुंडू तुमच्याच सोसायटीचा होता, म्हणून नाही मोडली. अंबूएट्टनांनी तो निरोपही फळ्यावर टाचला.

त्यांचा एक कटाक्ष होता. चित्रपट संपला की कुणाशी शब्दही न बोलता त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचे आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. चर्चा त्यानंतर. मताच्या दोन प्रती होत. एक फळ्यावर लागे आणि दुसरी रिळांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. कारण या किनाऱ्यावरच्या सगळ्या फिल्म सोसायट्यांची रीतच तशी होती. एकच डबा गावोगाव फिरे. ज्या गावाने चित्रपट पाहिला त्याने आपले मत डब्यात घालायचे, पुढच्या गावाने ते खेळाआधी मोठ्याने वाचायचे, आणि एकदा डब्यात पडलेला कागद कुणीही बाहेर काढायचा नाही. डबा सोमवारी पहाटेच्या बसने निघून जाई. त्यामुळे पुळक्कराच्या माणसांना चित्रपट एकदाच दिसे, आणि मग उरत ती अंबूएट्टनांची वाक्ये.

मार्च महिन्यातल्या त्या रविवारी हंगेरीचा चित्रपट होता. एक म्हातारा पोस्टमन थंडीने गोठलेले तळे ओलांडून पलीकडच्या खेड्याला पत्रे नेतो; खेडे कधीच उठून गेले आहे; तरी तो नेतो. गोष्ट एवढीच. आदल्या दोन रात्री अंबूएट्टन देवराईतल्या तेय्यमला, म्हणजे देवाच्या रात्रभर चालणाऱ्या नाचाला, जागले होते. चेंडा-ढोलांचा घुमार अजून कानात होता, सभागृहातले पंखे संथ फिरत होते, आणि पडद्यावर बर्फामागून बर्फ येत होते. चित्रपट संपल्यावर ते नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेले आणि लिहायला बसले. त्या दिवशी लेखणी अडली नाही. वाक्ये जणू कुणी हातात आणून ठेवत होते.

‘चौथ्या रिळात एक बाई गोठलेल्या तळ्यावर येते. तिच्या खांद्यावर पांढऱ्या कापडाचा तागा आहे. चालता चालता ती तो बर्फावर उलगडत जाते. कापड संपत नाही. ती पैलतीर गाठते, तरी तागा खांद्यावर तेवढाच असतो. मग ती वळते आणि आल्या वाटेने कापडाची घडी घालत परत येते. बर्फ पांढरे, कापड पांढरे. कुठे काय संपते ते केवळ तिच्या हातांना कळते. पोचलेल्या आणि न पोचलेल्या पत्रांविषयी या चित्रपटाला जे म्हणायचे आहे, ते सारे या दीड मिनिटात आहे. उरलेला चित्रपट नसता तरी चालले असते.’

सोमवारी संध्याकाळी वाचनालयात फळ्यापुढे गर्दी झाली. फिल्म सोसायटीच्या अध्यक्ष जानकी टीचर यांनी चष्मा वर सरकवून मत दोनदा वाचले. तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीत शतके दिसत.

“काय दृश्य होतं ते, अंबूएट्टा!” त्या म्हणाल्या. “मी तर घरी जाऊन जेवलेसुद्धा नाही. ते कापड म्हणजे इतिहास, नाही का? उलगडायचा आणि पुन्हा आपल्यालाच आवरायचा.”

“मला वाटलं, टपाल खात्याचं काम दाखवलंय,” पोस्टातले गोविंदन म्हणाले. “कितीही वाटा, पिशवी तेवढीच.”

“तुम्हाला सगळीकडे पिशवीच दिसणार.”

“आणि तुम्हाला इतिहास. बाई बिचारी एकच आहे, तिनं कुणाकुणाचं ओझं वाहायचं?”

सगळे हसले. चित्रपट दाखवणारा पोक्कर तेवढा हसला नाही. तो कोपऱ्यात बसून यंत्राची काच मलमलीने पुसत होता. अंबूएट्टनांनी त्याला विचारले, “पोक्करे, तू काहीच बोलत नाहीस. तुला कसं वाटलं?”

“मला काय वाटायचंय, एट्टा? तुम्ही दृश्यं बघता, मी रीळ बघतो. तुटलं नाही म्हणजे चित्रपट चांगला.”

हे उत्तर नेहमीचेच होते. पण एरवी ते देताना तो अंबूएट्टनांकडे पाहत असे. त्या दिवशी तो काचेकडे पाहत होता.

बुधवारी दुपारी सोसायटीच्या टेबलावर चादरीचे कापड होते. पांढरे, दाट, निर्दोष. सहा वार सरकले आणि बोट थांबले. बारीक गाठ होती, तिळाएवढी. अंबूएट्टनांनी खडूने खूण केली आणि त्यांना सभागृहातल्या पडद्याची आठवण झाली.

तो पडदाही सोसायटीच्याच मागावरचा, दोन पन्हे जोडून केलेला. बारा वर्षांपूर्वी म्हाताऱ्या कोरनने तो विणला, तेव्हा त्याचे डोळे जायला आले होते. उजव्या कोपऱ्यात, खालून वीतभर उंचीवर, आडव्या धाग्याची गाठ राहिली. कोरनचे ते शेवटचे कापड असल्याचे सगळ्यांना ठाऊक होते. अंबूएट्टनांनी बोट गाठीवर ठेवले, क्षणभर तसेच राहू दिले, आणि ‘पास’चा शिक्का मारला. नोकरीत जाणूनबुजून सोडलेला तो एकच दोष. इतरांना तो दिसतही नसे. अंबूएट्टनांना मात्र बारा वर्षांतला प्रत्येक चित्रपट त्या गाठीसकट आठवे. जपानी म्हाताऱ्याच्या मनगटावर ती तिळासारखी बसली होती. बंगाली विधवेच्या अंगणात ती खडा झाली होती. परवाच्या चित्रपटात पोस्टमनच्या बुटापाशी, बर्फात अडकलेल्या काडीसारखी, ती सतत होती.

मग निव्वळ सुखासाठी त्यांनी ती बाई आठवली. ती आली, तागा उलगडला, पैलतीराला गेली, वळली. डोळे मिटून त्यांनी दृश्याचा उजवा कोपरा पाहिला. तिथे बर्फ होते. नुसते बर्फ. पांढऱ्यावर तर गाठ सर्वांत ठळक दिसायला हवी होती. त्यांनी दृश्य पुन्हा सुरुवातीपासून आठवले. बाई आली, चालली, वळली. कोपरा कोरा होता.

टेबलाखालचा दिवा जळत होता आणि कापड काचेवर थांबले होते. जे दृश्य त्या पडद्यावर पडले नव्हते, ते मग पडले कुठे?

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते सरळ बाजारात, पोक्करच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेले.

“पोक्करे, माझ्याकडे बघ. चौथ्या रिळात ती बाई होती का?”

पोक्करने हातातला पेचकस खाली ठेवला. “बसा, एट्टा. चहा सांगतो.”

“चहा नको. होती का?”

“नव्हती.” तो हळूच म्हणाला. “चौथं रीळ लागलं तेव्हा तुमचा चष्मा छातीवर उतरला होता. मान अशी. तोंड थोडं उघडं. पाचवं लावताना डबा मुद्दाम जरा जोरात आपटला मी, तेव्हा जागे झालात.”

“आणि हे तू आज सांगतोस?”

“काय सांगू? बावीस वर्षांत एकदा डोळा लागला तुमचा. आमच्या घरी तर मी भात कालवता कालवता झोपतो. आणि खरं सांगू का, फळ्यावर वाचलं तेव्हा मलाच वाटलं, ही बाई असायला हवी होती.”

“असायला हवी होती, हे मत नाही, पोक्करे. ती इच्छा झाली.”

“मग असू द्या की इच्छा! जानकी टीचरनी पाहिली, गोविंदननी पाहिली. बिघडलं काय?”

“जे नव्हतं ते त्यांनी माझ्या शब्दावर पाहिलं, हेच बिघडलं.” अंबूएट्टनांनी घड्याळ पाहिले. “डबा आज नीलेश्वरला आहे ना?”

“साडेसहाचा खेळ. त्याआधी तुमचा कागद वाचतील.” पोक्करने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “एट्टा, जाऊ नका. गेलात तर पुढं कोण मानील तुमचं मत? काल झोपले, परवाही झोपले असतील म्हणतील. बावीस वर्षांचे सगळे कागद उकरून काढतील लोक.”

ही भीती अंबूएट्टनांच्या मनात आधीच येऊन बसली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती फक्त अधिक पक्की झाली. त्यांनी छत्री उचलली आणि ते बसथांब्याकडे निघाले.

बसमध्ये जागा होती, तरी ते दांड्याला धरून उभे राहिले. कंडक्टर दोनदा येऊन गेला.

“बसा की, काका. कुणी येणार नाही त्या जागेवर.”

“बसलो तर झोप लागेल.”

“लागू द्या. नीलेश्वर आलं की उठवीन मी.”

“नको रे बाबा. झोपेनंच घोळ केलाय, तोच निस्तरायला निघालोय.”

बाहेर काजूच्या बागा जात होत्या. पिकल्या फळांचा आंबूस दरवळ खिडक्यांतून आत येई आणि जाई. जांभ्याच्या खाणी, मग खाडी, खाडीवर उतरते ऊन. एका वळणावर पाणी असे काही पांढरे झाले की, क्षणभर अंबूएट्टनांना त्यावर कुणीतरी चालत असल्याचा भास झाला. त्यांनी दांडा घट्ट धरला. ती बाई कोण होती, हे त्यांना अजून कळले नव्हते. तोंड आठवत नव्हते, हात आठवत होते. पैलतीरावरून परतताना ती कापडाचा काठ हनुवटीखाली धरी, दोन्ही हात लांब करी, आणि घडी उराशी जुळवी. हे त्यांनी मतात लिहिले नव्हते. घडीची ती रीत फार ओळखीची होती, आणि ओळखीची गोष्ट लिहायला ते नेहमी संकोचत.

वाटेत रेल्वे फाटक पडले आणि पाऊण तास गेला. ते नीलेश्वरच्या शाळेच्या सभागृहाच्या दारात पोचले तेव्हा आत दिवे लागले होते आणि पोदुवाळ वकील, तिथल्या सोसायटीचे अध्यक्ष, हातात कागद धरून भारदस्त आवाजात वाचत होते : “‘...कुठे काय संपते ते केवळ तिच्या हातांना कळते.’” साठ-सत्तर माणसे श्वास रोखून ऐकत होती. अंबूएट्टनांनी तोंड उघडले. तेवढ्यात शेवटचे वाक्य वाचून झाले, कुणीतरी “वा!” म्हणाले, आणि दिवे मालवले गेले.

ते मागच्या बाकावर बसले. चित्रपट सुरू झाला होता. आता मध्ये उठून बोलणे म्हणजे सत्तर माणसांचा चित्रपट मोडणे, आणि ते त्यांच्याने होणे नव्हते. शिवाय खोल कुठेतरी एक वेडी आशा होती. पोक्करची चूक झाली असेल. त्याने खरोखरच रीळच पाहिले असेल. इथे पडदा नव्हता, चुना लावलेली भिंत होती, आणि भिंतीला गाठ नव्हती. इथे खूण पटवायला काहीच नव्हते. बर्फ आले. पोस्टमन आला. पहिले रीळ, दुसरे, तिसरे.

चौथ्या रिळात बाई आली नाही.

तिच्या जागी पोस्टमन एका ओसाड घरात शिरला. टेबलावरची धूळ त्याने बाहीने पुसली, पिशवीतून पत्र काढले आणि रिकाम्या खुर्चीपुढे उभे राहून ते मोठ्याने वाचले. पत्रात काहीच विशेष नव्हते. गाय व्यायली आहे. छपराचे दोन पत्रे बदलले. थंडी संपली की येतो. वाचून झाल्यावर पोस्टमनने उत्तराची वाट पाहिली. वाट पाहणे बराच वेळ चालले. मग त्याने पत्राची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, आणि जाताना दार, आत कुणी निजले असावे इतक्या हळू, लोटून घेतले.

नसलेल्या दृश्याची स्तुती केली, हा अपराध अंबूएट्टनांना ठाऊक होता. असलेल्या दृश्याच्या वेळी आपण झोपलो, आणि वर ‘उरलेला चित्रपट नसता तरी चालले असते’ असे लिहून मोकळे झालो, हा दुसरा त्यांना आता कळला. आणि तो पहिल्याहून मोठा होता.

दिवे लागले. चर्चा सुरू झाली ती थेट त्या बाईपासून.

“पुळक्कराच्या एट्टननी लिहिलंय त्यात एक अक्षर इकडचं तिकडं नाही,” पोदुवाळ वकील म्हणाले. “तळ्यावरचं ते कापड! अंगावर काटा आला.”

“हनुवटीखाली काठ धरून घडी घालते बघा ती,” पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला. तो चिरुकंडन, जन्मभर गावाचे कपडे धुतलेला माणूस. “फार छान घालते.”

अंबूएट्टनांनी मान वर केली. हनुवटी कागदात नव्हती.

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून एक जण उठली. चाळिशीची असेल, गळ्यात शिवणाची फीत तशीच राहिली होती. “मी दाक्षायणी. बाजारात शिवणकाम करते. आज पहिल्यांदाच आले,” ती म्हणाली. “मला ती बाई दिसली नाही.”

सभागृहात जरा हसू फुटले.

“लक्ष कुठं होतं, दाक्षायणी? गिऱ्हाइकाचा ब्लाउज आठवला असेल!”

“लक्ष समोरच होतं. ती येणार म्हणून मी तर डोळ्यांची पापणी हलवली नाही. पत्र वाचतो ते दिसलं, दार लोटतो ते दिसलं. बाई नाही आली.”

“असं होतं सुरुवातीला,” पोदुवाळ वकील समजुतीच्या सुरात म्हणाले. “असले चित्रपट बघायला नजर तयार व्हावी लागते. चार-सहा बघा, मग दिसायला लागेल.”

“डोळे नसतील नीट, चेची! चष्मा घ्या!” मागून कुणी ओरडले.

दाक्षायणीने सभोवार पाहिले. एवढी सगळी माणसे खोटे कशाला बोलतील, हा विचार तिच्या चेहऱ्यावर उमटताना अंबूएट्टनांना स्पष्ट दिसला. तिचा आवाज बारीक झाला. “मग माझ्याच डोळ्यांत काही असेल,” असे म्हणून ती खाली बसू लागली.

अंबूएट्टन उभे राहिले.

“बसू नका, बाई. उभ्या राहा,” ते म्हणाले. “डोळे तुमचेच धड आहेत. तो कागद मी लिहिला. पुळक्कराचा अंबू तो मीच. चौथ्या रिळाला मला झोप लागली होती. ती बाई चित्रपटात नाही. मला स्वप्न पडलं, आणि ते मी मत म्हणून लिहिलं.”

मग एकदम गलका झाला. आणि नवल असे की, बहुतेक जण अंबूएट्टनांवरच तुटून पडले.

“असं कसं? मी स्वतः पाहिली!”

“एट्टा, तुम्ही आता झोपेत आहात की तेव्हा होतात?”

“मी वकील माणूस आहे,” पोदुवाळ तापून म्हणाले. “साक्षीदारानं साक्ष फिरवली म्हणून घडलेली गोष्ट घडली नाही असं होत नाही! चौथं रीळ पुन्हा लावा.”

रीळ पुन्हा लावले गेले. सत्तर माणसे पुढे वाकून बसली. धूळ पुसली गेली. पत्र वाचून झाले. वाट पाहून झाली. दार हळू लोटले गेले. दिवे लागले तेव्हा कुणी कुणाकडे पाहत नव्हते. वकिलांनी चष्मा काढून उपरण्याने बराच वेळ पुसला.

पहिली हसली ती दाक्षायणी. तोंडाला पदर लावून, पण मनापासून. तिच्या हसण्याने इतरांनाही वाट मिळाली. चष्मा घ्या म्हणणाऱ्याला शेजाऱ्याने कोपर मारले : “उद्या तूच जा डॉक्टरकडं.”

अंबूएट्टन मात्र पुढच्या रांगेकडे गेले. “चिरुकंडन, एक विचारतो. हनुवटी मी लिहिली नव्हती. तुम्हाला कुठं दिसली?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “एवढं लांब कापड, आणि बाई एकटी. दुसरी रीत कुठली, एट्टा? तुम्ही कापडातली माणसं ना? घरी कुणाला घडी घालताना पाहिलं नाही कधी?”

पाहिले होते. सोसायटी निघण्यापूर्वी घरच्या मागावरून उतरलेला तागा अंगणात उलगडून, पुन्हा एकटीनेच आवरणारी आई अंबूएट्टनांनी पाहिली होती. त्या वेळी ते इतके लहान होते की, पांढऱ्या कापडाखालून पलीकडे जाण्याचा खेळ खेळत आणि तिचा ओरडा खात. तळे नव्हते, बर्फ तर नव्हतेच. पण अंगण त्यांना तेव्हा तेवढेच मोठे वाटे. चिरुकंडनने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

लोक पांगू लागल्यावर त्यांनी कोरा कागद मागून घेतला. जुना कागद फाडून टाकावा, असे त्यांनी वकिलांना सुचवून पाहिले.

“ते जमायचं नाही,” वकील म्हणाले. आवाजात अजून थोडी खप्पामर्जी होती. “डब्यात पडलेला कागद बाहेर निघत नाही. रीत आहे.”

“चुकीचा असला तरी?”

“चुकीचा असला तर मुळीच नाही. दुसरा लिहा आणि त्यावर ठेवा. पुढचे कासरगोडवाले दोन्ही वाचतील आणि आपल्या दोघांनाही हसतील. एकट्यानं हसं करून घेण्यापेक्षा बरं.”

अंबूएट्टनांनी लिहिले. या खेपेला वाक्ये कुणी हातात आणून दिली नाहीत. एकेक शोधावे लागले. ‘चौथ्या रिळात मी झोपलो होतो. माझ्या मतातली बाई या चित्रपटात नाही. ती माझ्या घरची आहे. चित्रपटात एक माणूस रिकाम्या खुर्चीला पत्र वाचून दाखवतो आणि उत्तराची वाट पाहतो. मी तीस फूट अंतरावर बसून ते पाहिले नाही. नीलेश्वरच्या दाक्षायणी यांनी पाहिले आणि एवढ्या माणसांत तसे सांगितले. उरलेला चित्रपट नसता तरी चालले असते, हे माझे वाक्य मी परत घेतो. दार लोटण्याचे दृश्य पाहताना कृपया कुणीही झोपू नये.’

दाक्षायणी दाराशी थांबली होती. पिशव्या-चपला आवरून बाकी बायका पुढे गेल्या होत्या.

“एक विचारू का, एट्टा?” ती म्हणाली. “ती बाई परत येते ना, घडी घालत? मग पुढं? कापड ठेवते कुठं?”

अंबूएट्टनांनी विचार केला. जे पाहिले तेवढेच सांगायची सवय होती. “माहीत नाही,” ते म्हणाले. “तेवढ्यात पोक्करनं डबा आपटला.”

पुळक्कराच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद लागला. जानकी टीचर दोन दिवस वाचनालयात फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या की, इतिहासात असे पुष्कळदा होते. टॉकीजच्या मालकाने एक उशी पाठवली. अंबूएट्टनांनी ती फळ्याखाली खिळ्याला अडकवली. पोक्करची भीती थोडी खरी ठरली : शनिवारी दोघा-तिघांनी जुन्या मतांची फाईल मागून नेली आणि बंगाली विधवेच्या दिव्यात तेल घालणारे कुणी नव्हते, हे आठवून आठवून पाहिले. नव्हतेच.

रविवारी नवा डबा आला. वर मागच्या गावाचा कागद होता; तो जानकी टीचरांनी वाचला. दिवे मालवण्यापूर्वी पोक्कर वाकून अंबूएट्टनांच्या कानाशी कुजबुजला, “चौथ्या रिळाला हलवू का?”

“गरज नाही. दुपारीच झोपून आलोय.”

पडदा उजळला. कुठल्याशा शहरातली पहाट होती, धुके होते, धुक्यात एक रिकामी गल्ली. अंबूएट्टनांनी सर्वांत आधी उजवा कोपरा पाहिला. वीतभर उंचीवर, गल्लीतल्या दगडांवर, कोरनची गाठ आपल्या जागी होती. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि ते उरलेल्या पडद्याकडे पाहू लागले.